उन्हात वाळवलेली गिटार

मी एकदा गिटार वाळत घातली होती.

कपड्यांसारखी दोरीवर नव्हे, तेवढी अक्कल होती मला. अंगणात, बाजेवर, जुन्या धोतरावर, कुरडयांच्या रांगेत शेवटी. वरून मलमलचं फडकं टाकलं, कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून. आणि ऊन डोक्यावर आल्यावर जाऊन उलटी करून ठेवली, दुसरी बाजू कच्ची राहू नये म्हणून. ऊन नागपूरचं, महिना मे. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, या प्रश्नाला मला चांगले गुण पडले होते. गिटार हाही पदार्थच असतो, हे पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं.

ही गोष्ट मी सासरी कोणाला सांगितली नाही. नवऱ्याला सांगितली असती तर त्यांनी दर उन्हाळ्यात पापडांच्या वेळी विचारलं असतं, "काय गं, यंदा तबला घालायचा का वाळत?" म्हणून गप्प राहिले. पोरं झाली, पोरांची पोरं झाली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात ती गोष्ट तोंडातून निसटली. निसटली ती रेवामुळे.

रेवा माझी नात. बुटीबोरीला एका कारखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. तिच्या आईच्या मते हे उलटं आहे. तर ही रेवा एक दिवस नवीकोरी लाकडी गिटार घेऊन घरी आली आणि बैठकीत कूलरसमोर भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेली. कूलरला नवा वाळा लावलेला, पाणी भरलेलं, गार ओला वारा थेट त्या लाकडावर. मी सोफ्यावर पेंगत होते. डोळे उघडले आणि ओरडले, "उचल ती आधी! फुगेल!"

"आजी, काय झालं? गार आहे म्हणून ठेवली."

"मीही गार आहे म्हणूनच ठेवली होती."

"कधी? काय?"

झालं. इतक्या वर्षांची झाकली मूठ उघडली. रेवा जमिनीवर मांडी घालून बसली आणि सगळं काढून घेतल्याशिवाय उठली नाही.

आमचं क्वार्टर अजनीच्या रेल्वे कॉलनीत होतं. वडील रेल्वेत कारकून. शेजारी गार्डसाहेब राहायचे, मालगाडीचे गार्ड, अँग्लो-इंडियन कुटुंब. त्यांना एकच मुलगी, डॉरथी. माझ्याच वयाची. दोन अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाला आम्ही दोघींनी लहानपणापासून जा-ये करून एक भोक पाडलेलं होतं. आई दरवर्षी माळ्याला सांगून ते बुजवायची. पावसाळ्यात ते बुजायचं आणि दिवाळीपर्यंत पुन्हा पडायचं.

त्या भोकातून पलीकडे गेलं की वास बदलायचा. आमच्याकडे हिंग, उदबत्ती, उकळलेलं दूध. त्यांच्याकडे व्हिनेगर, डब्यातला केक, आणि व्हरांड्यात गार्डसाहेबांच्या हातकंदिलाचं रॉकेल. खुंटीवर लाल आणि हिरवा झेंडा गुंडाळून टांगलेला असे. मला लहानपणी वाटायचं, घरात भांडण झालं की आंटी लाल झेंडा दाखवत असतील. डॉरथीला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी को झंडे की जरूरत ही नहीं पड़ती."

हिवाळ्यात त्यांच्या व्हरांड्यात ऊन यायचं. आम्ही संत्री सोलत बसायचो. साली आई मागून घ्यायची, वाळवून उटण्याला. म्हणजे वाळवण्याची सवय आमच्या घराण्यातच होती, हे रेवाच्या लक्षात आणून दिलं. गार्डसाहेब ड्यूटीवरून आले की आंघोळ करून, केसांना तेल चोपडून गिटार घ्यायचे. त्यांच्याकडे गिटारी दोन. एक साधी, लाकडी, पोट सुटलेली. दुसरी विजेची, सडपातळ. ती एका जुन्या रेडिओला तार जोडून वाजवायची. तिचा आवाज ओला यायचा, घागरीत तोंड घालून कोणी गावं तसा. डॉरथी ती विजेची वाजवायची. शब्दांची गाणी तिला आवडत नसत. नुसती वाजवायची गाणी, भरभर, झरझर, आणि ती म्हणायची की ही समुद्राची गाणी आहेत.

समुद्र तिनंही पाहिला नव्हता, मीही नाही. नागपूरच्या माणसाला कोणताही समुद्र सारखाच लांब. पूर्वेला निघा, पश्चिमेला निघा, शिदोरी तेवढीच लागणार. मग आम्ही सायकलवर डबलसीट अंबाझरीला गेलो, लाटा पाहायला. तलाव बिचारा आपला पडून होता. काठाशी चुळूक, चुळूक असं काहीतरी चाललं होतं. दोन म्हशी बसल्या होत्या. डॉरथीनं डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बस, इसको थोड़ा बड़ा कर देंगे."

तिनं मोठा केला. धून तिची स्वतःची होती, कुठून ऐकलेली नव्हती. वरून खाली घसरत यायची आणि काठाला आपटायच्या आत पुन्हा उचलली जायची. मला तिच्या खाली साथ करायची होती. साध्या गिटारीवर झँचक, झँचक. सोपं असतं म्हणतात. माझा उजवा हात तारांवर असा पडायचा की डॉरथी थांबून विचारायची, "ए, मच्छर मार रही क्या?"

महिनाभर मी डास मारले. मग एकदा दुपारी मी आमच्या ओसरीवर तांदूळ पाखडत होते आणि ती कुंपणाच्या भोकातून डोकं काढून पाहत होती. अचानक ओरडली, "वही! वही कर ना, गिटार पे!"

आणि खरंच तेच होतं. सूप हाताळताना मनगट सैल लागतं. जोर हातात नाही, झटक्यात. दाणे वर जातात, खाली येतात, कोंडा तेवढा पुढे उडतो. मी कोंड्याचे हात पुसून तशीच पलीकडे गेले आणि तारांवरून तांदूळ पाखडले. आंटी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गार्डसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला फार मोठी कलावंत समजत होते. चालताना मान जरा वाकडी ठेवायचे. वेणी पुढे घ्यायचे. कॉलेजात कोणी नाव विचारलं तर आधी क्षणभर लांब बघायचे. त्या पोरीला आज भेटले तर दोन थोबाडीत देऊन सूप हातात देईन.

नाताळात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाच असायचा. लाकडी जमिनीवर पांढरी पावडर भुरभुरलेली, पाय सहज घसरावेत म्हणून. वडिलांनी मला परवानगी दिली होती ती खिडकीपर्यंत. खिडकीच्या आत जायचं नाही. मी शाल गुंडाळून बाहेर उभी, थंडीत दात वाजतायत, आत डॉरथी आणि गार्डसाहेब वाजवतायत, आणि समोर नुसती पावलं. पावडर उडायची, दिव्याखाली धुकं झाल्यासारखी. अजूनही कोणी पावडरचा डबा उघडला की मला आधी ते इन्स्टिट्यूट आठवतं, मग पावडर.

मग ते जायला निघाले. ऑस्ट्रेलियाला. कॉलनीतली बरीच घरं तशी एकेक करून निघत होती. मोठ्यांना त्याची कारणं ठाऊक असतील, आम्हाला फक्त खोकी दिसायची. व्हरांड्यात लाकडी खोकी, पेंढा, खिळ्यांचा आवाज. गार्डसाहेबांकडे एक मोठा टेपरेकॉर्डर होता, ताटाएवढ्या चकत्या फिरणारा. तो कोणाला तरी दिलेला होता, न्यायला माणूस यायचा होता. त्याआधी डॉरथीची धून त्याच्यावर उतरवायची असं ठरलं. ती वरची धून, मी खालची साथ. एक चकती ती नेणार, एक मला ठेवणार. माझ्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. चकती उशाखाली ठेवून झोपले असते.

साधी गिटार सरावाला माझ्याकडे दिली. आमच्या घरात पाहुण्याला सगळ्यात गार जागा द्यायची पद्धत. गार जागा म्हणजे मधल्या खोलीत वाळ्याच्या ताटीजवळ. ताटीवर पाणी मारायचं काम माझंच होतं. मी प्रेमानं मारलं, जरा जास्तच मारलं. सकाळी तार छेडली तर आवाज असा आला, जणू गिटारीला पडसं झालं होतं. मी घाबरले. "दमट झाली, आता काय करायचं?" मी दारातूनच विचारलं. अंगणात आई कुरडया घालत होती. चिकाचा आंबूस वास सुटलेला. आईनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "दमट असेल ते आण इकडे. आज ऊन छान आहे."

आईला वाटलं, मी गादीबद्दल बोलतेय.

दुपारी सगळे झोपलेले असताना अंगणातून आवाज आला. ठण्ण! मग लगेच लहान लहान चार-पाच. आई दचकून उठली ती थेट लोणच्याच्या बरण्यांकडे धावली. मला कळलं होतं कुठे धावायचं ते. फडक्याखाली गिटार पुरीसारखी फुगलेली. तारा ज्या पट्टीला बांधलेल्या असतात ती पट्टी उखडून कुरडयांमध्ये जाऊन पडली होती. तारा हवेत उभ्या, मांजराच्या मिशांसारख्या.

ती तशीच उराशी धरून मी कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेले. ऊन तापलेलं, लाकूड तापलेलं, माझा चेहरा त्याहून. गार्डसाहेब खोक्यावर पत्ता रंगवत होते. ब्रश बाजूला ठेवून त्यांनी गिटार हातात घेतली, पोटावर टकटक केलं, आत डोकावले आणि धोतराच्या सुताचा एक धागा चिमटीत धरून बाहेर काढला. मग मला अगदी गंभीरपणे विचारलं, "कुरडई तो ठीक सूखी ना, बेटी?"

डॉरथी हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मग खोक्याला टेकली. मग तिचं हसणं थांबलं आणि ती पेंढ्याची काडी मोडत बसली. मी म्हटलं, तू एकटी वाजव, तुझी तरी उतरव. ती म्हणाली, "अकेली का क्या उतारना?" संध्याकाळी माणूस आला आणि टेपरेकॉर्डर घेऊन गेला.

एवढं ऐकून रेवानं आपली गिटार मांडीवर ओढून घेतली. म्हणजे, आधी ती पोट धरून हसली, फोनवर कोणाला तरी "माझ्या आजीनं गिटारचं वाळवण घातलं होतं" असं लिहून मोकळी झाली, आणि मग ओढून घेतली.

तिचंही काम तसंच साथीपाशी अडलेलं निघालं. ती आणि तिची मैत्रीण पल्लवी मिळून अल्बम करतायत. सर्फ रॉक म्हणे. अमेरिकेत कुठेशी पोरं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरतात, त्या घसरण्याचं संगीत. गाणारं कोणी नाही, नुसत्या गिटारी आणि ढोल. तिनं ऐकवलं. ओला आवाज, घागरीत तोंड घातल्यासारखा. मी पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"इलेक्ट्रिक गिटारी रेकॉर्ड करून झाल्या सगळ्या," रेवा म्हणाली. "पण खाली एक साधी लाकडी पाहिजे. ऐकू नाही आली पाहिजे, पण नसली तर समजलं पाहिजे."

"म्हणजे वरणातला हिंग."

"हो, तेच. पण माझा हिंग जमून नाही राहिला, आजी." तिनं वाजवून दाखवलं. स्वच्छ, नेटकं, जणू कोणी टाईप करतंय.

मी उठले आणि स्वयंपाकघरातून सूप आणलं.

खरं सांगते, गिटार गेल्यावरही माझी साथ बंद पडली नव्हती. सासरी आले तेव्हा सुपात वाजवत होते. दाणे वर, दाणे खाली, डॉरथीची धून डोक्यात. सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "सूनबाई, तांदूळ पाखडून राहिली का नाचवून राहिली?" तांदूळ पाखडून, निवडून पिशवीत मिळायला लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांना सोय झाली. मला मात्र वाद्य गेल्यासारखं वाटलं. पुढे समुद्रही पाहिला, मुलानं नेऊन दाखवला. मोठाच होता. पण आमच्यापेक्षा जरा हळूच वाजत होता.

रेवाला मनगट दाखवलं. दोन संध्याकाळी बैठकभर तांदूळ उडाले, तिच्या आईनं कपाळाला हात लावला, पण पोरीचा हात सुटला. मग तिनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "आता तू."

बोटं म्हणजे सुकलेल्या शेंगा. करंगळी कायमची संपावर. पण उजवा हात तारांवर पडला आणि पडला तो थेट कुंपणापलीकडे. रेवा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी, हे अल्बमवर घ्यायचं. तू वाजवायचं. डॉरथीची धून."

मला हसू आलं. इतक्या वर्षांत मला एकच हौस उरली होती, ती धून एकदा कशावर तरी उतरलेली ऐकायची. कोणाला सांगावं अशी ती हौस नव्हती. बाईला या वयात हौस असेल तर काशीची असावी, लोक समजून घेतात.

"वाजव ना मग," रेवा म्हणाली. "मेन धून वाजव."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मला येत नाही.

मी वाजवली होती ती साथ. धून डॉरथीची बोटं वाजवायची, माझ्याकडे तिची खालची बाजू तेवढी होती. डोक्यात मात्र रोज ऐकत होते, म्हणून वाटत राहिलं की आपल्याकडे आहे. म्हटलं, गुणगुणून दाखवते. गुणगुणले.

"आजी, ही तर भूपाळी होऊन राहिली."

पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आरती झाली. गेली पन्नासेक वर्षं गळ्यातून जे जे काही निघालं ते देवासाठी निघालं, आता गळा दुसऱ्या कोणासाठी उघडेना. वरून खाली घसरते, काठाला आपटायच्या आत उचलली जाते, एवढं वर्णन मी करू शकत होते. वर्णनावरून पदार्थ होतो, धून होत नाही. मी रडले नाही. भूक नाही म्हणून सांगितलं आणि लवकर जाऊन पडले. माझ्या घरात भूक नाही म्हणणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी रेवानं चहा आणून दिला आणि म्हणाली, "तू साथ वाजव. जेवढं आहे तेवढं उतरवू. वरचं पुढे बघू."

रविवारी पल्लवी सामान घेऊन आली. ती सावनेरकडची, घरी संत्र्याची बाग. ढोल वाजवते, आणि रेकॉर्डिंगची यंत्रंही तिचीच, त्यातली अक्कलही तिचीच. रेवानं तिला एवढंच सांगितलं होतं की आजी वाजवणार आहे. घरात शिरली आणि हात कमरेवर ठेवून तिनं घर डोळ्यांनी चाचपलं, सोयरीक बघायला आल्यासारखं. मग माझ्या झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं.

"बाप्पा! येवढी लुगडी? हे खोली पक्की झाली वं, रेवा. कपाट उघडंच राहू दे. आवाज घुमला की लुगडी पिऊन टाकतात त्याले."

"माझ्या लग्नाचा शालू आहे त्यात," मी म्हटलं.

"मंग शालू बी पिईन थोडासा."

भिंतीला दुलया टांगल्या. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज बंद केला तेव्हा आमरसाकडे बघून माझा जीव तुटला. माईक मी भोकासमोर ओढून घेतला, आवाज तिथूनच येतो म्हणून. पल्लवीनं तो उचलून गिटारीच्या मानेपाशी नेला. "भोकासमोर नोका ठेवू आजी, घुमते थे. घागरीत बोलल्यावानी."

"मला घागरीतलंच आवडतं."

"तुमाले आवडते, मशिनीले नाही आवडत."

मी वाजवायला लागले आणि तिनं लगेच हात वर केला. बांगड्या. मला ऐकूसुद्धा आल्या नव्हत्या, पण यंत्राला माझ्या लग्नाचं फार कौतुक दिसलं. साबण लावून काढल्या. मग साडी, कडक कांजी केलेली, श्वास घेतला की करकरायची. ती बदलून जुनी मऊ नेसले. कानाला ते गोल झाकण लावलं, त्यात टक, टक, टक असा ठेका. माझं आणि त्याचं पटेना. मी म्हटलं, हा थांबतच नाही, माणसानं जरा तरी थांबावं. पल्लवीनं ठेका काढून टाकला. "आजीले टकटक कायले पाह्यजे? आजीच टकटक हाये."

मग रस्त्यावर भंगारवाला आला, भोंगा लावून. तो गेला तर शेजारणीचा कुकर. शिट्ट्या मोजत आम्ही तिघी मुकाट बसलो. घामाच्या धारा. मे महिना, दारं-खिडक्या बंद, भिंतींना दुलया. रेवा म्हणाली, "आजी, आता आपणच वाळून राहिलो." एकदा सगळं जुळून आलं, शेवटचा झंकार अजून हवेत होता, आणि मी विचारलं, "झालं का गं?" पल्लवीनं कपाळ भिंतीला टेकवलं. दुलई होती म्हणून लागलं नाही.

मग केव्हातरी दुपार अशी पडली की काही उरलंच नाही. भंगारवाला नाही, कुकर नाही, पाखरूही नाही. कूलर नसलेली मेमधली दुपार मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. तिला एक आवाज असतो. उन्हाचा म्हणावा तसा. त्यात घरं आपापल्या जागी बसून राहतात. वाळणाऱ्या वाळ्याचा वास बैठकीतून येत होता. लुगड्यांचा, डांबरगोळ्यांचा, जुन्या जरीचा. मी पुढे कोण आहे ते न बघता वाजवलं. मनगट सैल सोडलं. दाणे वर गेले, खाली आले. धून डोक्यात चालू होती तशी चालू राहिली, माझी मी तिच्या खालून चालत गेले. संपल्यावर ओठ दातांखाली धरून बसले. पल्लवीनं बोट वर केलं तोवर श्वासही सोडला नाही.

कूलर लावला. आधी आम्ही तिघी त्याच्यासमोर उभ्या राहिलो, मग आमरस वाचवला, म्हणजे खाल्ला, आणि मग पल्लवीनं यंत्रावर ते लावलं.

माझा हात मी असा समोरून पहिल्यांदाच ऐकत होते. कोण बाई आहे ही, असं वाटलं. बरी वाजवते. झँचक, झँचक, सरळ, न घाबरता. आणि मग हात थांबला. जराच. दोन मात्रा असतील. पुन्हा सुरू झाला. पुढे गेला, पुन्हा थांबला. वाजवताना मला कुठेच थांबल्याचं जाणवलं नव्हतं. माझ्या कानात तर तिथे डॉरथीची धून भरलेली होती. रेवानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मी आमरसाची वाटी चमच्यानं खरवडत राहिले. वाटीत काही नव्हतं.

पल्लवीला या सगळ्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कानावरचं झाकण सरकवून यंत्र थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"आजी, मंधामंधात तुमचा हात थांबून राह्यला. तिथं कोनी येनार हाये काय? मंग तेवढी जागा तशीच ठेवू का?"